तारेची जाडी कोण ठरवतो? शिरूर-दौंडच्या घरांतील वायरिंगचा इतिहास



आजचा विषय घरातलं वायरिंग. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी वायरिंगवर कशाला बोलावं, असं काहींना वाटेल. रास्त आहे. पण बघा, एखाद्या तारेतून किती वीज सुखरूप जाईल हे पदार्थविज्ञान सांगतं. त्या घराला पुढच्या तीस वर्षांत किती वीज लागेल, हे मात्र ते सांगू शकत नाही. ते कुणीतरी आधी गृहीत धरतं, आणि ते गृहीत भिंतीत गाडलं जातं. वर गिलावा होतो, रंग होतो, आणि मग त्या गृहीताशी आपण आयुष्यभर राहतो. तेव्हा आजचा प्रश्न एवढाच आहे: गृहीत धरलं कुणी, आणि त्याचं फळ कुणाच्या वाट्याला आलं?

हा प्रश्न आम्ही दोन तालुक्यांपुरता घेणार आहोत, शिरूर आणि दौंड. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे हे शेजारी, मधून भीमा वाहते. शिरूर हे नगर रस्त्यावरचं, घोड नदीच्या काठचं गाव; जुनी माणसं अजून त्याला घोडनदीच म्हणतात. दौंड रेल्वेचं. १८७८ साली दौंड-मनमाड लाइन सुरू झाली आणि दौंड जंक्शन झालं. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गावांत घराच्या तारा ठरवणारे हात मात्र निरनिराळे होते.

आधी शास्त्र थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. तारेतून वीज गेली की तार तापते. किती तापते याचा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला: उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. इथेच साध्या माणसाचा अंदाज चुकतो. एका प्लगवर दोन उपकरणं लावली तर तार दुप्पट तापेल असं त्याला वाटतं; ती चौपट तापते. तांबं काही त्या उष्णतेने लगेच वितळत नाही. आधी मरतं ते वरचं प्लास्टिक. घरगुती पीव्हीसी वायरचं आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी धरलेलं असतं. त्याच्या वर ते रोज थोडं थोडं कडक होतं, तडकतं, आणि एखाद्या दिवशी दोन तारा एकमेकींना भेटतात.

म्हणून वायरिंगमध्ये एक क्रम पाळावा लागतो. सर्वांत आधी फ्यूजने जायचं, तारेने कधीच जायचं नाही. फ्यूज किंवा आजचा एमसीबी हा टीव्ही-फ्रिज वाचवायला बसवलेला नसतो. तो भिंतीतली तार वाचवायला असतो. आपल्याकडे किटकॅट फ्यूज सारखा उडायला लागला की त्यात जाड तार घालायची पद्धत होती. तसं केलं की क्रम उलटतो. फ्यूज टिकतो आणि तार जाते.

आता भाषेकडे येऊ. बाजारात आज वायर 'दीड एमएम', 'अडीच एमएम' अशी मागतात. हे मिलिमीटर जाडीचे नाहीत बरं का, चौरस मिलिमीटर आहेत, म्हणजे कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ. पण जुना वायरमन अजून 'तीन बावीस', 'तीन वीस', 'सात वीस' असं बोलतो. हे आकडे ब्रिटिशांच्या गेजचे. 'सात वीस' म्हणजे वीस गेजच्या सात तारा पिळून केलेली वायर. गेजचा आकडा जसा वाढतो तशी तार बारीक होते, कारण तार जितक्या वेळा साच्यातून ओढावी तितकी ती बारीक होत जाते, आणि हे आकडे त्या ओढण्याच्या क्रमातून आले. हिशेब केला तर तीन बावीस सुमारे १.२ चौरस मिलिमीटर भरते, तीन वीस सुमारे २, आणि सात वीस सुमारे ४.६. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, मानकं बदलली, पण कामगाराच्या तोंडी गेज राहिलं.

यात आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मापाचा अर्थ विसरला तरी माप नाव म्हणून चालू राहतं. 'दिव्याला तीन बावीस, मोटरला सात वीस' हा ठोकताळा गुरूकडून शिष्याकडे गेला. का, हे विचारायची वेळ आली नाही, कारण घरात दिवेच होते. आणि दिवेच असेपर्यंत तो ठोकताळा बरोबर होता.

हे दिवे आले कधी? मुंबईत क्रॉफर्ड मार्केट १८८२ साली विजेने उजळलं, पण ती कंपनी टिकली नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि घाटमाथ्याचं पाणी मुंबईच्या गिरण्या चालवू लागलं. १९२५ साली मुंबईत विजेची पहिली आगगाडी धावली, आणि १९३० पर्यंत विजेच्या गाड्या पुण्याला आल्या. तिथे थांबल्या. पुण्याच्या पुढे दौंडपर्यंतच्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण व्हायला २०१७ साल उजाडलं. ८७ वर्षं! पाणी या जिल्ह्याच्या डोंगरांवर पडलं, वीज पश्चिमेला गेली, आणि पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याने वाट पाहिली.

आता तारा ठरवणारे हात पाहू. पहिला हात खात्याचा. दौंडला रेल्वेच्या वसाहती आहेत, राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत. अशा क्वार्टरमध्ये वायरिंग कसं असावं हे राहणारा ठरवत नाही. खात्याच्या नकाशात ते ठरलेलं असतं. दिवा कुठे, पंखा कुठे, बोर्ड किती, सगळ्या घरांना सारखं. सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर, ज्याला आपण पट्टी फिटिंग म्हणतो, ती या काळाची खूण. तिचा एक गुण असा, की ती डोळ्यांसमोर असायची. वायर काळवंडली तर दिसायची. खात्याच्या घरात राहणाऱ्याला निवड नव्हती, पण मागे कुणीतरी उत्तर द्यायला बांधील होतं.

दुसरा हात योजनेचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झालं आणि खेड्यात खांब जाऊ लागले. पण 'गावात वीज आली' याचा अर्थ काय? १९९७ पर्यंत देशभराची व्याख्या अशी होती, की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली की गावाचं विद्युतीकरण झालं. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर मोटर बसली तरी गाव हिशेबात धरलं जाई, मग गावठाणातल्या घराघरांत चिमण्या का जळेनात! १९९७ साली वीज वस्तीत पोचली पाहिजे असं म्हटलं गेलं. २००४ साली शाळा, पंचायत अशा जागा आणि निदान दहा टक्के घरं अशी अट आली. व्याख्या बदलायला इतकी वर्षं लागली, यावरून घर या यादीत कितव्या क्रमांकावर होतं ते समजावं.

घरापर्यंत जे आलं तेही मोजून मापून आलं. १९८८-८९ साली सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेत गरीब कुटुंबाला एका दिव्याची जोडणी मिळे. २०१७ च्या सौभाग्य योजनेत एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्ज करायचा एक पॉइंट. आम्ही या योजनांना कमी लेखत नाही. पहिल्या दिव्याची किंमत चिमणीच्या धुरात अभ्यास केलेल्यांना विचारावी. पण एक दिवा देताना जी वायर आत गेली, ती एका दिव्याच्याच अंदाजाची होती. पुढे त्याच वायरला पंखा जोडला गेला, मग टीव्ही, मग मिक्सर, मग पाणी तापवायचा रॉड. घराचं वय वाढलं, तारेचं वाढलं नाही.

इथे थोडं देशाबाहेर पाहायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये लाखो घरं बांधायची होती आणि तांबं कमी होतं. त्यांनी मंडलाची रचनाच बदलली. एकाच तारेचं कडं घरभर फिरवायचं आणि ते पुन्हा फ्यूजच्या पेटीत आणायचं, म्हणजे प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी वीज मिळते आणि तांबं वाचतं. प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज. तो चौकोनी पिनांचा प्लग १९४७ साली मानक झाला. हे ठरवणाऱ्या समितीत कॅरोलिन हॅस्लेट या विद्युत अभियंत्या होत्या, समितीतल्या एकट्या बाई. घरात राबणाऱ्यांची आणि रांगत्या मुलांची बाजू तिथे मांडली गेली. अंदाज करणाऱ्यांच्या टेबलाशी असं माणूस असलं की फरक पडतो.

आपण तो मार्ग घेतला नाही. आपण जुन्या गोल तीन पिना ठेवल्या, पाच आणि पंधरा अँपिअरच्या, ज्या आता सहा आणि सोळाच्या म्हणतात. तांब्याची टंचाई आपल्याकडेही होती, कारण तांबं बहुतांशी आयात करावं लागे. आपण रचना न बदलता धातू बदलला. १९६० नंतरच्या काही दशकांत घरोघर ॲल्युमिनियमच्या वायरी गेल्या. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, म्हणून एक माप जाड वायर घ्यायची: तांब्याच्या एक एमएमच्या जागी ॲल्युमिनियमची दीड. हा हिशेब कागदावर बरोबर आहे. अडचण सांध्यात येते. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, सांधा सैल होतो, वर गंज धरतो, आणि मग तार थंड असली तरी स्विचमागचा सांधा तापतो. अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या सुमारास बांधलेल्या घरांनीही हाच अनुभव घेतला. शिरूर-दौंडच्या जुन्या घरांत बोर्डाचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं, तर आधी या सांध्याकडे पाहावं.

आता तिसऱ्या हाताकडे येतो, आणि आमच्या मते आजचा खरा प्रश्न तिथे आहे.

१८८१ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी एक नियम मांडला. जाड तार घेतली तर एकदाच पैसे जास्त जातात. बारीक घेतली तर रोज थोडी वीज तारेतच उष्णता होऊन वाया जाते. मग योग्य जाडी कोणती? तारेत गुंतवलेल्या पैशाचं वर्षाचं व्याज आणि वर्षभर वाया गेलेल्या विजेची किंमत जिथे सारखी होते, ती. अतिशय सुंदर नियम आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीत दडलं आहे: तार विकत घेणारा आणि विजेचं बिल भरणारा माणूस एकच आहे.

शिरूर तालुक्यात रांजणगावला औद्योगिक वसाहत आली, सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यात कारखाने आले. दौंड तालुक्यात कुरकुंभ. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कामगार आले आणि शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. या खोलीची वायर विकत घेतो मालक. बिल भरतो भाडेकरू. तार तापली तर पत्र्याखाली झोपलेला असतो तोही भाडेकरू. मालकाला जाड वायर घेण्याचं आर्थिक कारणच उरत नाही. मालक दुष्ट आहे असं आम्ही म्हणत नाही. तो बहुधा कालपर्यंत बाजरी-ऊस करणारा शेतकरी असतो, आणि खोलीत एक दिवा, एक पंखा आणि एक प्लग पुरे, हा त्याच्या स्वतःच्या घराचा जुना अंदाज असतो.

त्या खोलीत आज काय चालतं? रांजणगावला फ्रिज बनवणारे कारखाने आहेत. तिथे काम करणाऱ्याच्या खोलीतही फ्रिज येणारच. सकाळी पहिल्या पाळीच्या आधी पाण्याला १५०० वॅटचा रॉड आणि डब्यासाठी २००० वॅटची इंडक्शन शेगडी. दोन्ही एकदम चालू केली तर ३५०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १५ अँपिअर. पाइपातून गेलेली एक एमएमची तांब्याची वायर सुमारे ११ अँपिअर झेपवते, तेही भोवतालची हवा ४० अंश धरून. मे महिन्यात दुपारी पत्र्याला लागून गेलेल्या पाइपात हवा ४० अंशच असेल का? जितकी हवा गरम, तितकी तारेची झेप कमी. म्हणजे ही शेगडी दुपारी पेटली तर तारेची स्थिती आणखी बिकट.

यावर कुणी म्हणेल, नियम नाहीत का? आहेत ना. भारतीय मानकाप्रमाणे दिवे-पंख्यांच्या एका मंडलावर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत हवा. जड सॉकेटच्या मंडलावर दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत, भार ३००० वॅटच्या आत. नवीन जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. पण तो अहवाल जोडणीच्या दिवसाचा साक्षीदार असतो. नंतर मागच्या बाजूला आणखी चार खोल्या काढल्या, त्याच बोर्डातून वायर ओढली, तर तिचा साक्षीदार कुणी नसतो.

शिवाय नियमांचाही एक इतिहास आहे. १९५६ च्या वीज नियमांत पुढे ६१-अ हा नियम भर घालून आला. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं उपकरण त्याने सक्तीचं केलं, पण पाच किलोवॅटच्या खालच्या घरगुती दाबाच्या जोडण्या वगळून. कारण समजण्यासारखं होतं, उपकरण महाग होतं. परिणाम मात्र असा झाला, की ज्याची जमीन ओली, भिंत कच्ची आणि अर्थिंग संशयास्पद, त्या लहान घरालाच ते संरक्षण सक्तीचं राहिलं नाही.

आणखी एक वळण सांगायला हवं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांनी सामान्य माणसाला मंडल म्हणजे काय ते शिकवलं. इन्व्हर्टर घ्यायचा तर 'लाइन वेगळी' करावी लागे. कुठले पॉइंट इन्व्हर्टरवर आणि कुठले नाहीत, हे घरात बसून ठरवावं लागे. आठवून पाहा, तुमच्या घरी काय ठरलं? दिवाणखान्याचा पंखा, टीव्ही, मुलांच्या अभ्यासाचा दिवा. स्वयंपाकघराचा पंखा कितव्या क्रमांकावर होता? मंडलाची आखणी म्हणजे घरात कुणाची गरज आधी, याचा नकाशाच असतो. तो वायरमनवर सोडून चालत नाही.

मग आज शिरूरला किंवा दौंडला घर बांधणाऱ्याने काय धरावं? आम्ही ठेकेदार नाही, आकडे परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यावेत. पण विचाराची दिशा सांगतो. पूर्वी साठ वॅटचे दहा दिवे ६०० वॅट खायचे. आज नऊ वॅटचे दहा एलईडी ९० वॅट खातात. भार छताकडून सॉकेटकडे उतरला आहे. म्हणून दिवे-पंख्यांना दीड एमएम पुरते, पण सॉकेटना अडीच द्यावी. गिझर आणि एसी यांना प्रत्येकी चार एमएमची स्वतंत्र वायर द्यावी. स्वयंपाकघराला स्वतःचं जड मंडल द्यावं, कारण गॅसकडून शेगडी विजेकडे सरकते आहे. प्रत्येक मंडलाला आपला न्यूट्रल वेगळा, एमसीबी तारेच्या झेपेपेक्षा लहान, अर्थिंग शेवटच्या सॉकेटपर्यंत, आणि मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सक्ती असो वा नसो.

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची बाब, अंतर. मीटर खांबाजवळ आणि घर शंभर मीटर आत, हे दौंडच्या ऊसपट्ट्यात नेहमीचं. अडीच एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम. जाऊन-येऊन दोनशे मीटर, म्हणजे जवळपास दीड ओहम. दहा अँपिअर ओढले की पंधरा व्होल्ट वाटेतच जातात आणि दीडशे वॅट वायर तापवण्यात खर्च होतात. ॲल्युमिनियमची तितकीच वायर असेल तर सुमारे २४ व्होल्ट. मग पंखा रेंगाळतो, मोटर गुरगुरते, आणि आपण महावितरणला बोल लावतो. इथे तार झेपते की नाही एवढं पाहून भागत नाही. अंतरासाठी एक-दोन मापं जाड घ्यावी लागते.

आणि जे भाड्याने राहतात त्यांनी खोली घेताना भाड्याइतकंच तीन गोष्टी विचाराव्यात. प्लगला कितीची वायर आहे? माझ्या खोलीचा एमसीबी वेगळा आहे का, आणि किती अँपिअरचा? अर्थिंग खरं आहे की तिसरी पिन नुसती शोभेची? ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत अशा खोल्या उभ्या आहेत, त्यांनी घरपट्टीच्या नोंदीबरोबर हेही विचारायला हरकत नाही.

केल्विनच्या नियमात एक माणूस होता. आपल्याकडे खात्याचा माणूस, योजनेचा माणूस, मालक आणि राहणारा असे चार आहेत, आणि पहिल्या तिघांनी चौथ्याला क्वचितच विचारलं. चौथ्याने विचारायला सुरुवात केली, तर पुढच्या तारा थोड्या जाड निघतील असं आम्हाला वाटतं.

इथे थांबतो. तुमच्या गावात पहिला दिवा कधी लागला आणि त्या वेळची वायर अजून भिंतीत आहे का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.